व्यावसायिक बॉक्सिंगमधील वजन आणि गुणदान: लढत न्याय्य झाली का, हे स्वतः कसे तपासावे

गुणांवर संपलेल्या प्रत्येक मोठ्या लढतीनंतर अन्यायाची ओरड होते. ओरड करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लढत सुरू असताना एकही फेरी कागदावर टिपून ठेवलेली नसते. आरोप करण्यास हरकत नाही, कारण या खेळाने त्याला भरपूर निमित्ते दिली आहेत. मात्र तो टिकावा असे वाटत असेल, तर दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. दोघे बॉक्सर रिंगमध्ये उतरले तेव्हा त्यांच्या वजनात खरोखर किती फरक होता, ही पहिली. प्रत्येक फेरी पंचांनी ज्याला दिली, त्याला ती देणे शक्य तरी होते का, ही दुसरी. येथे 'शक्य होते का' असे मुद्दाम म्हटले आहे, कारण 'बरोबर होते का' या प्रश्नाला बऱ्याच फेऱ्यांमध्ये एकच एक उत्तर नसते.

वजन तपासताना

सुरुवात वजनी गटाच्या मर्यादेपासून करावी. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १७ वजनी गट सर्वसाधारणपणे मानले जातात. सर्वांत खालच्या गटाची मर्यादा १०५ पौंड, म्हणजे सुमारे ४७.६ किलो आहे. क्रूझरवेटची २०० पौंड, म्हणजे सुमारे ९०.७ किलो, आणि त्यापुढील हेवीवेटला वरची मर्यादाच नाही. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल या किताब देणाऱ्या संघटनेने २०२० मध्ये या दोहोंच्या मध्ये २२४ पौंडांचा ब्रिजरवेट गट सुरू केला. गटांमधील अंतरे सारखी नाहीत, हे ध्यानात ठेवावे. तळाच्या दोन गटांत केवळ ३ पौंडांचे अंतर आहे, तर १७५ पौंडांच्या लाइट हेवीवेटपासून क्रूझरवेटपर्यंत एकदम २५ पौंडांची उडी आहे. त्यामुळे 'दोन गट वर जाऊन लढला' हे वाक्य ऐकले की किती गट हे न मोजता किती टक्के वजन, हे मोजावे.

त्यानंतर वजन कधी घेतले ते पाहावे, आणि माझ्या मते या सगळ्या तपासणीत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वी लढतीच्या दिवशीच वजन घेतले जाई. आता ते बहुधा आदल्या दिवशी घेतात. या बदलामागचा हेतू चांगला होता. वजन उतरवण्यासाठी शरीरातील पाणी घालवलेला बॉक्सर त्याच अवस्थेत ठोसे खाऊ लागला तर मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्याला पाणी भरून काढण्यास वेळ मिळावा, असा विचार त्यामागे होता. परंतु वेळ मिळतो म्हटल्यावर बॉक्सर आणखी खालच्या गटात उतरू लागले. परिणामी काट्यावर नोंदलेले वजन आणि रिंगमधील वजन हे दोन वेगळे आकडे झाले, आणि अधिकृत नोंद होते ती पहिल्याचीच.

या फरकाचे टोक कोठवर जाऊ शकते, हे २६ फेब्रुवारी २००० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या आर्टुरो गॅटी आणि जोई गमाश यांच्या लढतीत दिसले. करारातील मर्यादा १४१ पौंडांची होती आणि आदल्या दिवशी गॅटीचे वजन तिच्यात बसल्याची नोंद झाली. लढतीच्या रात्री घेतलेल्या अनधिकृत वजनात गॅटी १६० पौंडांचा भरला आणि गमाश १४५ पौंडांचा. गमाश दुसऱ्या फेरीत नॉकआउट झाला, त्याच्या मेंदूला इजा झाली आणि तो पुन्हा व्यावसायिक लढत खेळला नाही. वजन नीट घेतलेच गेले नव्हते, असा त्याचा दावा होता आणि त्याने प्रकरण न्यायालयात नेले. काटा बरोबर होता की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी, त्या रात्री रिंगमध्ये ज्या दोघांना समोरासमोर उभे केले गेले, ते एका गटाचे नव्हते.

म्हणून लढतीच्या दिवशीचा आकडा उपलब्ध आहे का, ते शोधावे. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनच्या किताबी लढतींत लढतीच्या दिवशी सकाळी दुसऱ्यांदा वजन घेतले जाते आणि ते गटाच्या मर्यादेपेक्षा १० पौंडांहून अधिक असू नये, असा नियम आहे. काही प्रक्षेपण वाहिन्या रिंगमध्ये उतरण्यापूर्वी अनधिकृत वजन दाखवतात. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलची पद्धत वेगळी आहे. तेथे किताबी लढतीच्या ३० दिवस आधी बॉक्सर मर्यादेपेक्षा फार तर १० टक्के आणि ७ दिवस आधी फार तर ५ टक्के जास्त असावा, अशी अपेक्षा असते. मला टक्क्यांची पद्धत अधिक न्याय्य वाटते. १० पौंडांची सूट १०५ पौंडांच्या बॉक्सरसाठी त्याच्या वजनाच्या साडेनऊ टक्के होते, तर १६८ पौंडांच्या बॉक्सरसाठी सहा टक्क्यांहूनही किंचित कमी. एकच आकडा सर्वांना लावला की लहान गटांत नियम सैल पडतो आणि मोठ्या गटांत आवळला जातो. अर्थात टक्के मोजूनही लढतीच्या रात्रीचे वजन आटोक्यात राहील असे नाही, कारण ३० दिवस आधीची तपासणी वजन अतिवेगाने उतरवण्याला आळा घालते, ते पुन्हा चढवण्याला नाही.

बॉक्सर वजनात बसलाच नाही तर काय झाले, याची नोंद स्वतंत्रपणे करावी. साधारणतः त्याला अतिरिक्त वजन उतरवण्यासाठी थोडा वेळ दिला जातो, तरीही जमले नाही तर दंड होतो, आणि किताबी लढत असेल तर त्याला किताब जिंकता येत नाही. किताब आधीपासून त्याच्याकडेच असेल तर तो काट्यावरच जातो. लढायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रतिस्पर्ध्याला असतो. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात त्या प्रतिस्पर्ध्याने महिनोन्‌महिने सराव केलेला असतो, तिकिटे विकली गेलेली असतात आणि लढत रद्द झाली तर त्याचे स्वतःचे मानधनही धोक्यात येते, त्यामुळे 'त्याने मान्य केले होते' या युक्तिवादाला फार वजन देऊ नये. ऑक्टोबर २००५ मध्ये होसे लुईस कास्तियो १३५ पौंडांच्या गटात १३८.५ पौंडांचा भरला. दिएगो कोरालेसने तरीही लढत स्वीकारली आणि तो चौथ्या फेरीत नॉकआउट झाला. मार्च २०१८ मध्ये टोकियोत लुईस नेरी पहिल्या प्रयत्नात ११८ च्या मर्यादेपेक्षा ५ पौंडांनी आणि दुसऱ्या प्रयत्नात ३ पौंडांनी जास्त भरला. त्याचा किताब गेला, पण शिन्सुके यामानाकाला त्याने दुसऱ्या फेरीतच संपवले. जपान बॉक्सिंग आयोगाने नेरीवर बेमुदत बंदी घातली आणि ती २०२४ पर्यंत उठली नाही. शिक्षा कडक होती, पण यामानाकाच्या दृष्टीने ती लढतीनंतरच आली.

करारात ठरवलेले मधले वजन, म्हणजे कॅचवेट, असेल तर एकच प्रश्न विचारावा: ते कोणी मागितले आणि त्याची किंमत कोणी मोजली? सप्टेंबर २००९ मध्ये फ्लॉइड मेवेदर आणि हुआन मॅन्युएल मार्केस यांच्यात १४४ पौंडांचे कॅचवेट ठरले होते. मेवेदर १४६ पौंडांचा भरला आणि त्याने पौंडामागे ३ लाख डॉलर या दराने ६ लाख डॉलर दंड भरला. मार्केस १३५ पौंडांच्या गटातून वर आलेला होता आणि १४२ पौंडांचा भरला. एवढी कमाई असलेल्या बॉक्सरला असा दंड म्हणजे शिक्षा नसून सोयीसाठी मोजलेली रक्कम ठरते.

हेवीवेटमध्ये हे सगळे प्रश्न जवळजवळ निरर्थक ठरतात. डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला ओलेक्सांडर उसिक २२६ पौंडांचा आणि टायसन फ्युरी २८१ पौंडांचा होता, आणि तिन्ही पंचांनी ११६-११२ अशी लढत उसिकला दिली. वजनातील फरकावरून निकाल आधीच गृहीत धरू नये, एवढ्यासाठी हे उदाहरण पुरे.

स्वतःचे गुणपत्रक लिहिताना

गुणदानाची पद्धत समजायला सोपी आहे. प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला १० गुण आणि हरणाऱ्याला बहुधा ९ गुण मिळतात. एक नॉकडाउन, म्हणजे ठोशाने बॉक्सर खाली पडणे, झाल्यास साधारणतः १०-८, दोन झाल्यास १०-७. रेफरीने नियमभंगासाठी गुण कापला तर तो फेरीचे गुण दिल्यानंतर वजा होतो, म्हणून फेरी जिंकणाऱ्याचा गुण कापला गेला की ९-९ अशी नोंद दिसते. १०-१० देता येते, पण पंचांना ते टाळण्यास सांगितले जाते. तीन पंच रिंगच्या तीन बाजूंना बसतात आणि प्रत्येक जण फेरी संपताच आपले गुण देऊन टाकतो. पुढे काय घडले ते पाहून मागची फेरी बदलण्याची मुभा त्याला नसते. वाचकानेही ती स्वतःला देऊ नये.

एका कागदावर बारा फेऱ्यांसाठी बारा ओळी आखाव्यात आणि तीन रकाने ठेवावेत: पहिल्या बॉक्सरचे गुण, दुसऱ्याचे गुण, आणि खात्री. तिसरा रकाना लोक ठेवत नाहीत, आणि खरे काम तोच करतो. फेरीचा निर्णय स्पष्ट असेल तर त्यात 'ठाम' लिहावे, दुसऱ्या कोणी उलट निर्णय दिला तर वेडेपणा वाटणार नाही अशी फेरी असेल तर 'काठावर'. ही नोंद फेऱ्यांमधल्या एका मिनिटाच्या विश्रांतीतच करावी आणि नंतर खोडू नये. समालोचनाचा आवाज बंद ठेवावा. समालोचक एकदा का एखाद्याच्या प्रेमात पडले की दुसऱ्याचे ठोसे त्यांना दिसेनासे होतात, आणि ऐकणाऱ्यालाही. संथ गतीची पुनर्दृश्ये पाहावीत, पण त्यांच्या आधारे गुण देऊ नयेत.

फेरी कोणी जिंकली हे ठरवण्याचे चार निकष परंपरेने सांगितले जातात: स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमकता, रिंगवरील नियंत्रण आणि बचाव. चौघांना समान मान देऊ नये. पहिला निकष निर्णायक ठरत असेल तर बाकीच्या तिघांकडे वळण्याची गरजच पडत नाही. स्वच्छ ठोसा म्हणजे मुठीच्या पुढील भागाने, डोक्याच्या किंवा कमरेवरील धडाच्या समोरच्या अथवा बाजूच्या भागावर, मध्ये हातमोजा किंवा बाहू न येता बसलेला ठोसा. हातमोज्यांवर आदळलेला ठोसा मोठा आवाज करतो आणि प्रेक्षक त्यालाच सर्वाधिक दाद देतात. आक्रमकतेच्या बाबतीत 'परिणामकारक' या विशेषणाकडे लक्ष द्यावे: पुढे चालत जाऊन जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) खाणारा बॉक्सर आक्रमक असतो, पण फेरी जिंकत नसतो. रिंगवरील नियंत्रण हा निकष इतका संदिग्ध आहे की आधी मनात ठरलेल्या निर्णयाला कारण म्हणून तो नेहमी वापरता येतो, म्हणून स्वतःच्या नोंदीत तो वारंवार येऊ लागला तर सावध व्हावे.

फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाचा मोह हा वेगळा विषय आहे. एप्रिल १९८७ मध्ये शुगर रे लेनर्डने मार्विन हॅगलरविरुद्ध फेऱ्यांच्या अखेरीस वेगवान ठोशांचा वर्षाव करून पंचांच्या डोळ्यांत भरण्याची युक्ती वापरली, असे आजही सांगितले जाते. त्या लढतीत एका पंचाने लेनर्डला ११८-११०, दुसऱ्याने लेनर्डलाच ११५-११३ आणि तिसऱ्याने हॅगलरला ११५-११३ असे गुण दिले. फेरीचे तीनही मिनिट सारख्याच मोलाचे आहेत, हे मान्य असेल तर पहिल्या मिनिटाअखेर आणि दुसऱ्या मिनिटाअखेर कोण पुढे आहे, याची पेन्सिलने एक बारीक खूण करून ठेवावी.

लढत संपल्यावर दोन बेरजा कराव्यात. काठावरच्या सर्व फेऱ्या पहिल्या बॉक्सरला देऊन एक, आणि सर्व दुसऱ्याला देऊन दुसरी. समजा पहिल्याने पाच फेऱ्या ठामपणे जिंकल्या, दुसऱ्याने चार, आणि तीन काठावर राहिल्या. नॉकडाउन किंवा गुणकपात नसेल तर पहिल्या बेरजेत पहिला ८-४ ने, म्हणजे ११६-११२ असा जिंकतो, आणि दुसऱ्या बेरजेत दुसरा ७-५ ने, म्हणजे ११५-११३ असा. या दोन टोकांच्या दरम्यान येणारे कोणतेही अधिकृत गुणपत्रक आपल्याला नावडते असेल, पण अन्याय्य नसेल. एखादे गुणपत्रक या पट्ट्याच्या बाहेर पडले तरच पुढची चौकशी करावी. ही रीत पाळली तर बहुतेक वादग्रस्त निकाल वादग्रस्तच राहतात, अन्याय्य ठरत नाहीत.

याच गणिताची दुसरी बाजूही आहे. निसटती जिंकलेली फेरी आणि एकतर्फी पण नॉकडाउनविना जिंकलेली फेरी, दोन्ही बहुधा १०-९ अशाच नोंदल्या जातात. सात फेऱ्या केसभराच्या फरकाने जिंकणारा बॉक्सर पाच फेऱ्यांत सडकून मार खाऊनही लढत जिंकतो. येथे पंचांची चूक नसते. नियमाबद्दल तक्रार असेल तर ती नियमाविरुद्धच करावी.

पंचांची गुणपत्रके वाचताना

अधिकृत गुणपत्रके मिळाली की एकूण गुणांवर थांबू नये, फेरीनिहाय रकाने शेजारी ठेवून वाचावेत. सप्टेंबर २०१७ मध्ये कनेलो अल्वारेझ आणि गेनाडी गोलोव्हकिन यांच्या लढतीत एका पंचाने कनेलोला ११८-११०, दुसऱ्याने गोलोव्हकिनला ११५-११३ आणि तिसऱ्याने ११४-११४ असे गुण दिले. पहिल्याच्या मते कनेलोने दहा फेऱ्या जिंकल्या, दुसऱ्याच्या मते पाच. दोन पंचांत पाच फेऱ्यांचे अंतर असणे हे काठावरच्या फेऱ्यांनी समजावून सांगता येत नाही, आणि ११८-११० हे गुणपत्रक तेव्हा टीकेचे लक्ष्य झाले ते योग्यच होते. लढत बरोबरीत सुटली, हा निकाल मात्र अनेकांच्या पट्ट्यात बसणारा होता. निकाल आणि गुणपत्रक हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हा भेद उलट बाजूनेही लागू पडतो आणि तेथे लोक तो विसरतात. सप्टेंबर २०१३ मध्ये मेवेदरने कनेलोला स्पष्टपणे हरवले, दोन पंचांनी ११६-११२ आणि ११७-१११ असे गुण दिले, तर तिसऱ्याने ११४-११४. योग्य बॉक्सर जिंकल्यामुळे निकालाला धक्का लागला नाही, पण दुसऱ्या एखाद्या पंचाचेही तसेच झाले असते तर लढत बरोबरीत सुटली असती. वाईट गुणपत्रके शोधायची असतील तर वाद न झालेल्या लढतींतही शोधावीत.

एका फेरीवर बोट ठेवता आले तर आरोप सर्वांत भक्कम होतो. मार्च १९९९ मध्ये लेनॉक्स लुईस आणि इव्हांडर होलिफिल्ड यांची लढत बरोबरीत सोडवली गेली. ज्या पंचाने होलिफिल्डला ११५-११३ दिले, त्याच्या गुणपत्रकात पाचवी फेरीही होलिफिल्डच्या नावावर होती, आणि त्या फेरीत लुईसने होलिफिल्डला दोरांवर गाठून ठोसे लगावले होते. त्या पत्रकावरील टीका टिकली ती या फेरीमुळे. नोव्हेंबरमध्ये झालेली पुन्हा लढत लुईसने एकमताने जिंकली.

ठोशांची आकडेवारी पुरावा म्हणून आणताना हात आखडता घ्यावा. जून २०१२ मध्ये टिमोथी ब्रॅडलीने मॅनी पॅकियाओला २-१ असे, म्हणजे दोन पंच विरुद्ध एक, हरवले, तेव्हा ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत पॅकियाओचे २५३ ठोसे लागले होते आणि ब्रॅडलीचे १५९. पण ही मोजणीही माणसेच बटणे दाबून करतात, आणि एकूण संख्या कोणत्या फेरीत किती, हे सांगत नाही. अधिक बोलका पुरावा वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनने नेमलेल्या पाच पंचांचा होता: पाचही जणांनी लढत पॅकियाओला दिली. जुलै २०१७ मध्ये ब्रिस्बेनला जेफ हॉर्नने पॅकियाओला हरवल्यावरही तेवढीच ओरड झाली, त्याच संघटनेने पुन्हा पाच पंचांकडून फेरतपासणी करवली आणि या वेळी हॉर्नने सात फेऱ्या जिंकल्याचा निष्कर्ष निघाला. ओरड दोन्हीकडे सारखी होती, उत्तरे मात्र विरुद्ध आली.

पंच कोण होते आणि त्यांना कोणी नेमले, हेही तपासावे, पण गुणपत्रके वाचून झाल्यावर. आधी तपासले की प्रत्येक फेरीत संशयच दिसतो. पंचांची नेमणूक स्थानिक आयोग करते, किताबी लढतींत किताब देणाऱ्या संघटनेचाही तीत वाटा असतो. अमेरिकेत २००० साली झालेला मुहम्मद अली बॉक्सिंग सुधारणा कायदा पंचांना राज्य आयोगाची मान्यता असणे बंधनकारक करतो. तरीही पंचांच्या मानधनाचा खर्च शेवटी आयोजकाच्या खिशातूनच येतो, आणि लढतीनंतर आयोजकाला कोण जिंकणे सोयीचे होते, हे पंचाला ठाऊक असते. यावरून लाचखोरी सिद्ध होत नाही. घरच्या प्रेक्षकांचा आणि मोठ्या नावाचा दबाव मात्र लाचेविनाही काम करतो. एखाद्या पंचाचे मतभेद बाराही फेऱ्यांत एकाच बाजूला झुकलेले आहेत की दोन्हीकडे विखुरलेले आहेत, हे पाहावे. विखुरलेली चूक अकुशलतेची असते, एकाच बाजूची चूक अधिक काळजी करण्याजोगी.

शेवटी, तक्रारीतून काय साध्य होऊ शकते याचा अंदाज ठेवावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्लासगोत जॉश टेलरला जॅक कॅटरॉलविरुद्ध २-१ असा विजय मिळाला, तेव्हा ब्रिटिश बॉक्सिंग नियामक मंडळाने चौकशी केली आणि टेलरला ११४-१११ देणाऱ्या पंचाची श्रेणी खाली आणली. निकाल तसाच राहिला. याउलट एप्रिल २०२४ मध्ये रायन गार्सिया १४० पौंडांच्या मर्यादेपेक्षा ३.२ पौंडांनी जास्त भरला, तरीही डेव्हिन हेनीविरुद्ध लढला आणि गुणांवर जिंकला. तो निकाल पुढे रद्द झाला, पण वजनामुळे नव्हे, तर उत्तेजक द्रव्याच्या चाचणीमुळे. गुणदानाबद्दलच्या मतभेदावरून निकाल फिरवला जाणे फार दुर्मीळ आहे. नियमभंग, बेरजेतील चूक किंवा चाचणीत दोषी आढळणे, ही कारणे लागतात. म्हणून आयोगाला लिहायचे असेल तर पंचाला अमुक क्रमांकाची फेरी कोणत्या निकषावर दिली ते विचारावे, त्याच्या पुढच्या नेमणुकीपूर्वी त्या गुणपत्रकाचा आढावा घेण्याची मागणी करावी, आणि वजनाची तक्रार वेगळ्या पत्रात, वजन घेतल्याची वेळ आणि दोन्ही आकड्यांसह पाठवावी.